जुने घर आधी तपासावे, मगच विसार द्यावा

मा. संपादक,
सादर नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या घर-मालमत्ता पुरवणीत नव्या गृहसंकुलांची माहिती, गृहकर्जाचे व्याजदर आणि अंतर्गत सजावटीवरचे लेख नियमितपणे प्रसिद्ध होतात. परंतु सोलापुरात नव्या संकुलातील सदनिका ज्यांच्या आवाक्याबाहेर आहे आणि म्हणून साखर पेठ, भवानी पेठ, जोडभावी पेठ अशा जुन्या भागांत, किंवा १९९२ च्या हद्दवाढीत शहरात आलेल्या शेळगी, बाळे, मजरेवाडी या परिसरात तीस-चाळीस वर्षांपूर्वीचे बैठे घर शोधत जी कुटुंबे फिरत असतात, त्यांच्या उपयोगाचे लेखन क्वचितच वाचायला मिळते. मी निवृत्त स्थापत्य अभियंता असून ओळखीच्या लोकांची घरे खरेदीपूर्वी पाहून देत असतो. त्या कामात वारंवार दिसलेली एक गोष्ट आग्रहाने मांडायची आहे. पत्र लांबले आहे, तरी ते पूर्ण छापावे अशी विनंती आहे.

जुन्या घराची तपासणी विसार, म्हणजे सौदा ठरवताना द्यायची आगाऊ रक्कम, देण्यापूर्वी व्हायला हवी, आणि आपल्याकडे ती जवळजवळ नेहमीच विसार दिल्यानंतर होते. एजंट संध्याकाळच्या वेळी घर दाखवतो, खोल्यांतून एक फेरी होते, गच्चीवर जायचा जिना अरुंद असल्याने वर कोणी जात नाही, आणि खाली उतरेपर्यंत ‘दुसरी पार्टी उद्या येणार आहे’ असे कानावर पडते. त्याच रात्री बैठक होऊन आकडा ठरतो आणि पन्नास हजार किंवा लाख रुपये देऊन विसार पावती केली जाते. खरेदीदार काही कारणाने मागे फिरला तर विसार बुडेल, असे त्या पावतीत बहुतेक वेळा लिहिलेले असते. त्यानंतर एखादा जाणकार बोलावला जातो. अशा वेळी त्याने दोष दाखवला तरी त्याचा उपयोग उरत नाही, कारण लाखभर रुपये सोडून देण्याची ऐपत असलेले कुटुंब मुळात अशा घराच्या शोधात नसते. मग ‘करून घेऊ हळूहळू’ असे म्हणून व्यवहार पुरा केला जातो आणि घेतलेल्या कर्जाच्या हप्त्यांबरोबर दुरुस्तीचे हप्तेही सुरू होतात.

बँकेचा मूल्यांकनकार घर पाहून जातो, त्यामुळे तपासणी झालीच, असा समज सर्वत्र आहे. तो दूर होणे आवश्यक आहे. बँकेचा माणूस बँकेसाठी येतो. कर्ज थकले तर ही मिळकत विकून रक्कम वसूल होईल का, एवढे त्याला पाहायचे असते, आणि जुन्या बैठ्या घरात किमतीचा मोठा भाग जमिनीचा असल्याने त्याचे उत्तर बहुधा ‘होईल’ असेच येते. छत पुढचे दोन पावसाळे काढील की नाही, हा प्रश्न राहणाऱ्याचा आहे आणि तो विचारणारे त्या सगळ्या प्रक्रियेत कोणीच नसते.

जुने घर घेऊ नये, असे माझे मुळीच म्हणणे नाही. उलट मर्यादित उत्पन्नाच्या कुटुंबाला स्वतःच्या मालकीची जमीन मिळवून देणारा हा एकच मार्ग आता शहरात उरला आहे, असे मला वाटते. शाळा, दवाखाना, मंडई पायी जाता येईल इतक्या अंतरावर असते. दीड फूट जाडीच्या भिंतींच्या खोलीत एप्रिल-मे महिन्यांतला सोलापूरचा उन्हाळा जितका सुसह्य होतो, तितका चार इंची भिंतींच्या नव्या सदनिकेत होत नाही. परंतु घराचे वय आणि घराची प्रकृती या वेगळ्या बाबी आहेत. एकाच बोळात, एकाच दशकात बांधलेल्या दोन घरांपैकी एक अजून पन्नास वर्षे उभे राहील असे असते आणि दुसरे पाडूनच बांधावे लागेल असे असते, आणि दोन्हींचा दर मात्र चौरस फुटाला सारखाच सांगितला जातो.

आपल्या भागातले सर्वांत जुने घर म्हणजे माळवदाचे. लाकडी तुळया, त्यांवर आडवे सर, वर फळ्यांचा किंवा काटक्यांचा थर आणि सर्वांत वर पांढऱ्या मातीचा जाड लेप, अशी त्याची रचना असते. पावसाळ्याआधी गळती थांबवण्यासाठी त्यावर नवी माती टाकण्याची रीत होती. जुनी माती मात्र क्वचितच काढली जाई. त्यामुळे थर वाढत गेला आणि तुळया त्याच राहिल्या. दहा बाय बारा फुटांच्या खोलीवर एक फूट मातीचा थर असेल, तर कोरडा असतानाच त्याचे वजन पाच टनांच्या आसपास भरते आणि पावसात भिजल्यावर ते आणखी वाढते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात जी हजारो माणसे गेली, त्यांच्यापैकी बहुसंख्य अशाच जड छताखाली आणि मातीत रचलेल्या दगडी भिंतींखाली गाडली गेली. त्या भिंतींना बाहेरून एक व आतून एक असे दोन पदर असत, मध्ये मुरमाचा किंवा दगडगोट्यांचा भरणा असे आणि दोन्ही पदरांना जोडणारा आरपार दगड बहुधा नसे. हादरा बसताच दोन्ही पदर सुटले आणि वरचे ओझे खाली आले. लातूर आणि धाराशिव जिल्ह्यांतील त्या गावांत जशी घरे होती, तशी कितीतरी घरे सोलापूरच्या पेठांमध्ये अजून वापरात आहेत.

म्हणून माळवदाचे घर पाहताना मी सर्वप्रथम छताचे ओझे कशावर टेकले आहे ते पाहतो. तुळई लाकडी खांबावर टेकली असेल आणि खांब दगडी उथळ्यावर, म्हणजे खांबाखालच्या दगडी बैठकीवर, कोरडा उभा असेल, तर ते घर पुष्कळ भरवशाचे. तुळईचे टोक थेट भिंतीत गेले असेल, तर ते टोक पाहिल्याशिवाय काहीही बोलू नये, कारण भिंतीत झिरपणारे पाणी आणि वाळवी या दोघांचे काम तिथेच चालते. बाहेरून सागवान तुकतुकीत दिसते आणि टोकाशी साधा स्क्रू-ड्रायव्हर रुतून बसतो. मूळ मालकाने माळवद उतरवून वर पत्रे घातले असतील, तर ओझे कमी झाले ही चांगली गोष्ट आहे. मात्र भिंतींना वरून घट्ट बांधणारा काँक्रीटचा पट्टा घातला आहे का, की पत्र्यांच्या कडेला नुसते दगड ठेवले आहेत, हे चढून पाहावे लागते.

त्यानंतरच्या काळातली, म्हणजे साधारण १९७५ ते १९९५ या काळातली घरे विटांच्या भिंती आणि वर काँक्रीटचा स्लॅब अशी आहेत आणि विक्रीला येणाऱ्या घरांत माझ्या पाहण्यात तीच अधिक असतात. त्यांचा खरा प्रश्न जमिनीखालचा आहे. आपल्या शहराच्या मोठ्या भागात काळी माती आहे. ती पाणी पिते तेव्हा फुगते आणि सुकते तेव्हा आकसून भेगाळते. शेतात ही गोष्ट प्रत्येकाने पाहिलेली असते, पण तीच माती घराखालीही आहे याचा विसर पडतो. पाया त्या थरातून खाली मुरमापर्यंत नेला असेल तर काही होत नाही. पैसे वाचवण्यासाठी तो तीन फुटांवरच थांबवला असेल, तर घराचा प्रत्येक कोपरा आपापल्या ओलाव्याप्रमाणे वर-खाली होत राहतो आणि दर वर्षी भिंतींवर त्याची नोंद होते.

एका पेठेतले घर मला आठवते. दोन खोल्या, स्वयंपाकघर, पुढे अंगण, शहाबादी फरशी, सारे नीटनेटके. मागच्या खोलीचा एकच कोपरा ताजा रंगवलेला होता आणि बाकीच्या भिंतींवरचा रंग काही वर्षांचा होता. बॅटरीचा उजेड भिंतीला घासून तिरका टाकला, तेव्हा खिडकीच्या वरच्या कोपऱ्यातून छताकडे चढत गेलेली भेग रंगाखालून स्पष्ट दिसली. खाली केसाएवढी आणि वर जाईल तशी रुंद, इतकी की पुट्टी भरलेल्या जागी नख सहज आत गेले. अशी तिरकी, एका बाजूला फाकत गेलेली भेग गिलाव्याची नसते, पायाची असते. कारण शोधत बाहेर गेलो तर त्याच कोपऱ्याला लागून जमिनीतला पाण्याचा हौद होता. घरातल्या आजींना विचारले, तेव्हा त्यांनी सरळ सांगितले की हौद पूर्वी नळ येईपर्यंत पुरायचा, आता मधेच तळ दिसतो. हौद गळत होता, ते पाणी काळ्या मातीत जात होते आणि माती तेवढाच कोपरा उचलत होती.

आपल्या शहरात नळाला काही दिवसांआड पाणी येते, म्हणून घरोघरी हौद आहेत, आणि जागा कमी असल्यामुळे ते भिंतीला चिकटून खोदलेले आहेत. त्यामुळे सोलापुरात घर पाहताना हौदाची तपासणी ही पायाचीच तपासणी असते. हौद पूर्ण भरून, वापर बंद ठेवून, रात्री एकदा आणि सकाळी एकदा पातळीवर खूण करावी. एवढ्याने गळती समजते. वरील घरात दोष दुरुस्त होण्यासारखा होता. आधी हौद कोरडा करून आतून अस्तर घालायचे, मग भेगेवर आडवी काचेची पट्टी सिमेंटने चिकटवून तिच्यावर तारीख लिहायची आणि एक पावसाळा व एक उन्हाळा जाऊ द्यायचा. काच तडकली नाही तर हालचाल थांबली, असे समजून भेग पक्की भरता येते. ते कुटुंब विसार देण्यापूर्वी मला घेऊन गेले होते. भेग आणि हौद दोन्ही मालकांना दाखवून त्यांनी किंमत कमी करून घेतली आणि आज ते त्याच घरात राहतात.

पूर्व भागातल्या घरांबाबत आणखी एक गोष्ट बघावी लागते, ती इतर शहरांतल्या पुस्तकी याद्यांमध्ये सापडणार नाही. तिथे पुढच्या खोलीत यंत्रमाग आणि मागे संसार, अशी हजारो घरे होती आणि आजही आहेत. माग वर्षानुवर्षे रात्रंदिवस चालला की त्याचा हादरा फरशीतून भिंतीत जातो. माग विकून टाकल्यावर ती खोली ‘हॉल’ म्हणून दाखवली जाते. फरशीवर मागाचे पाय बसवल्याच्या बुजवलेल्या खुणा दिसल्या, तर त्या खोलीच्या भिंती आणि छप्पर जिथे मिळते तो सांधा बारकाईने पाहावा. तिथे आडवी भेग सरळ रेषेत गेलेली असेल, तर स्लॅब भिंतीपासून सुटा झाला आहे. शेजारच्या घरात माग अजून चालू असेल, तर त्याचा आवाज आणि हादरा सहन होतो का, हे दुपारी आणि रात्री असे दोन्ही वेळा जाऊन ठरवावे. त्या मागावर कोणाचे तरी पोट आहे. खरेदीनंतर त्याच्याविरुद्ध तक्रारी करत बसण्यापेक्षा आधीच विचार केलेला बरा.

स्लॅबची परीक्षा खालून होते. त्या काळात सळईखाली पुरेसे काँक्रीट सोडण्याची काळजी लहान ठेकेदार घेत नसत. हवेतला कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षे काँक्रीटमध्ये मुरत सळईपर्यंत पोहोचतो, तेव्हा काँक्रीटचा सळईला गंजू न देण्याचा गुण संपतो. त्यात गच्चीवरून ओल आली की गंज सुरू होतो. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो आणि खालचे काँक्रीट ढकलून पाडतो. छताला सळईच्या रेषेत तपकिरी डाग किंवा सरळ भेगा दिसल्या तर तेच चालले आहे. लहान हातोडीने छत ठोकत गेल्यास चांगल्या जागी टणक आवाज येतो आणि सुटलेल्या जागी पोकळ. हे कोणालाही कळते. शंका आली तर अभियंता एखाद्या जागी काँक्रीटचा टवका काढून त्यावर फिनॉल्फ्थॅलीनचे द्रावण टाकतो. ताजे, निरोगी काँक्रीट गडद गुलाबी होते. ज्याचा गुण गेला ते रंगहीन राहते. सळईपर्यंतचा सगळा भाग रंगहीन राहिला, तर खालून नुसता गिलावा मारून भागणार नाही. स्वयंपाकघर आणि न्हाणीघर यांच्या वरचा भाग आधी पाहावा. घराला नुकतेच पीओपीचे खोटे छत केले असेल, तर त्याचा एक तुकडा काढून वर डोकावू देण्याची अट घालावी आणि मालकाने नकार दिल्यास तो नकार म्हणजेच उत्तर समजावे.

भिंतीच्या खालच्या दोन-तीन फुटांना लोणा, म्हणजे ओलीबरोबर वर येणारा क्षार, लागलेला असणे हा जुन्या घरांत सर्रास आढळणारा दोष आहे. तो दिसतो भयंकर, पण बहुधा घर पाडण्याइतका गंभीर नसतो; भिंतीलगत साचणारे सांडपाणी आणि पावसाचे पाणी दूर नेले की अर्धे काम होते. विजेची तारजोडणी जुनी असेल तर ती पूर्ण बदलण्याचा खर्च धरूनच चालावे आणि अर्थिंग करून घ्यावे. ड्रेनेजचे चेंबर उघडून, आत बादलीभर पाणी ओतून ते पुढे जाते का पाहावे. दहा मिनिटांचे काम आहे.

आता कागदपत्रांविषयी. स्वस्त घराच्या स्वस्तपणाचे कारण भिंतीत सापडले नाही, तर ते बहुधा कागदात असते. घरपट्टी ज्याच्या नावावर तो मालक, हा समज आपल्याकडे फार खोलवर रुजला आहे. घरपट्टी ही कर वसूल करण्यासाठीची नोंद असते. मालकी सिद्ध होते ती नोंदणीकृत खरेदीखताने आणि त्यामागच्या सलग साखळीने, आणि तिच्याशी सिटी सर्व्हेचा उतारा जुळावा लागतो. साध्या स्टॅम्पपेपरवर नोटरी केलेली ‘खरेदी’ किंवा कुलमुखत्यारपत्रावर दिलेला ताबा यांमुळे मालकी मिळत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये सूरज लॅम्प प्रकरणात हे स्पष्ट केले आहे, आणि तरीही हद्दवाढ भागात असे व्यवहार अजून होतात. तिथे शेतजमिनीचे एकेक-दोनदोन गुंठ्यांचे तुकडे पाडून विकले गेले. २००१ च्या गुंठेवारी कायद्याने अशी बांधकामे नियमित करण्याची सोय झाली आणि २०२१ च्या दुरुस्तीने ती ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या बांधकामांना लागू झाली. ‘गुंठेवारी होऊन जाईल’ असे तोंडी आश्वासन आणि नियमितीकरणाचे प्रमाणपत्र प्रत्यक्ष हातात असणे, या दोहोंच्या किमतीत मोठा फरक असला पाहिजे. बँका असा फरक करतात. खरेदीदार करत नाहीत.

वडिलोपार्जित घर असेल तर बहिणींना विसरून चालत नाही. हिंदू उत्तराधिकार कायद्यात २००५ मध्ये झालेल्या दुरुस्तीने मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलांइतकाच हक्क मिळाला आणि सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये त्याबाबतचा संभ्रम दूर केला. उताऱ्यावर दोन भावांचीच नावे असतील, तर बहिणींची नोंदणीकृत हक्कसोडपत्रे आहेत का, हे वकिलाने पाहिलेच पाहिजे. मागच्या खोलीत जुना भाडेकरू राहत असेल, तर तोही घराबरोबर येतो. भाडे नियंत्रण कायदा १९९९ चे संरक्षण त्याला नव्या मालकाविरुद्धही मिळते. ‘तो जाईल’ असे म्हणणारा मालक स्वतः इतकी वर्षे त्याला घालवू शकलेला नसतो.

आणि ज्या गोष्टीची चौकशी मी पाहिलेल्या व्यवहारांत सर्वांत कमी वेळा झाली, ती म्हणजे विकास आराखडा, म्हणजे पुढचे रस्ते आणि आरक्षणे दाखवणारा शहराचा नकाशा. घरापुढचा बारा फुटांचा बोळ आराखड्यात रुंद होणार असेल, तर पुढची खोली जाणार आहे. उरलेल्या जागेवर पुन्हा बांधायचे झाल्यास २०२० पासून लागू असलेल्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीप्रमाणे रस्त्याची रुंदी आणि घराभोवती मोकळे सोडायचे अंतर पाहूनच परवानगी मिळते. ज्यांचा बेत ‘आता राहू, दहा वर्षांनी पाडून बांधू’ असा असतो, त्यांना दहा वर्षांनी काय बांधता येईल हे आजच कळायला हवे, कारण ते त्यासाठीच पैसे मोजत असतात.

किमतीचा हिशेब या सगळ्यानंतर यावा. समजा एखाद्या घराची बोली वीस लाखांवर ठरली. सोलापूर महापालिका हद्दीत मुद्रांक शुल्क स्थानिक संस्था अधिभारासह ६ टक्के धरले तर १ लाख २० हजार आणि नोंदणी शुल्क १ टक्का म्हणजे २० हजार रुपये होतात; निवासी खरेदी केवळ स्त्रीच्या नावावर असेल तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत मिळते, तिचा लाभ अवश्य घ्यावा. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार तीस लाखांपर्यंतच्या गृहकर्जाला मिळकतीच्या किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत रक्कम देता येते, पण ती किंमत बँकेच्या मूल्यांकनाची असते, बैठकीत ठरलेली नसते, आणि अशा व्यवहारात मुद्रांक व नोंदणीचा खर्च तीत धरला जात नाही. घर जुने असल्याने बँक मुदतही कमी देऊ शकते आणि मग हप्ता वाढतो. या सगळ्यानंतर हाती उरणाऱ्या पैशात स्लॅब, तारजोडणी आणि हौद बसतात का, हे पाहायचे असते. माझा आग्रह असा असतो की आधी नुसत्या जमिनीची किंमत काढावी, तीत बांधकामाची आज शिल्लक असलेली किंमत मिळवावी, आणि पहिल्या दोन वर्षांत अटळ असलेल्या दुरुस्तीचा लेखी अंदाज ठेकेदाराकडून घेऊन तो वजा करावा. जो आकडा येईल तो मालकापुढे कागदावर ठेवावा. मी पाहिलेल्या बहुतेक मालकांनी असा कागद पाहून घासाघीस केली, पण अपमान मानला नाही. काही रक्कम रोख द्या, असा आग्रह झाला तर मात्र उठून यावे. स्थावर मिळकतीच्या व्यवहारात वीस हजार किंवा त्याहून अधिक रक्कम रोखीने घेण्यास आयकर कायद्याने मनाई आहे, आणि रोख दिलेल्या पैशाला व्यवहार फिसकटल्यावर कसलाच पुरावा राहत नाही.

हे सर्व एका सामान्य कुटुंबाने स्वतः करावे, ही अपेक्षा जास्त आहे याची मला जाणीव आहे. अभियंत्याचे आणि वकिलाचे शुल्क विसाराच्या रकमेपुढे किरकोळ असले, तरी घर पसंत पडेपर्यंत पाच-सहा घरे पाहावी लागतात आणि प्रत्येक वेळी ते परवडत नाही. म्हणून महापालिकेकडे माझी मागणी आहे की मिळकत क्रमांक दिल्यावर माफक शुल्कात एक माहितीपत्र झोन कार्यालयातून मिळावे. त्यात बांधकाम परवाना व भोगवटा प्रमाणपत्र दिले होते का, मंजूर क्षेत्रफळ किती, गुंठेवारीची स्थिती काय, रस्तारुंदीची किंवा आरक्षणाची रेषा मिळकतीवरून जाते का, करथकबाकी किती आणि धोकादायक इमारत म्हणून नोटीस बजावली आहे का, एवढेच असावे. ही माहिती महापालिकेकडे आजही आहे. ती वेगवेगळ्या खात्यांच्या वेगवेगळ्या टेबलांवर आहे, आणि ती गोळा करायला सामान्य माणसाला कामावर रजा टाकून खेटे घालावे लागतात.

महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६५ अ नुसार तीस वर्षे पूर्ण झालेल्या इमारतीची नोंदणीकृत संरचना अभियंत्याकडून तपासणी करून प्रमाणपत्र सादर करण्याची जबाबदारी मालक किंवा भोगवटादारावर आहे. मोठ्या इमारतींबाबत पावसाळ्यापूर्वी याची आठवण करून दिली जाते. पेठांमधल्या बैठ्या घरांच्या बाबतीत कोणी विचारत नाही. विक्रीच्या वेळी हे प्रमाणपत्र दाखवण्याची प्रथा पडली, तर खरेदीदारावरचा भार आपोआप हलका होईल आणि ज्यांनी घर नीट राखले आहे अशा मालकांना त्याचा योग्य मोबदलाही मिळेल. शहरातील स्थापत्य अभियांत्रिकीच्या महाविद्यालयांनी प्राध्यापकांच्या देखरेखीखाली शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांकडून अशी प्राथमिक पाहणी करून घ्यायला सुरुवात केली, तर विद्यार्थ्यांना माळवदापासून यंत्रमागाच्या भेगांपर्यंत अभ्यासक्रमात नसलेले पुष्कळ काही शिकता येईल.

आपल्या दैनिकाकडे मात्र एक लहान आणि लगेच करता येण्यासारखी मागणी आहे. विसाराआधी तपासणी जमली नाही, तरी विसार पावतीत दोन वाक्ये घातली तर खरेदीदार पुष्कळ सुरक्षित होतो. पहिले असे की, पावतीपासून एकवीस दिवसांत अभियंत्याकडून घराची आणि वकिलाकडून कागदपत्रांची तपासणी होईल आणि तीत गंभीर दोष आढळल्यास विसाराची संपूर्ण रक्कम परत केली जाईल. दुसरे असे की, विसाराची रक्कम धनादेशाने किंवा बँकेमार्फतच दिली-घेतली जाईल. पावतीवर सही करण्याच्या गडबडीत ही वाक्ये कोणाला सुचत नाहीत आणि एजंटाच्या छापील नमुन्यात ती नसतात. या दोन्ही अटींसह सोप्या मराठीतला एक नमुना एका वकील स्नेह्यांकडून तपासून घेऊन मी सोबत पाठवत आहे. आपल्या पुरवणीत तो कापून ठेवता येईल अशा चौकटीत, शक्य तर पाडव्याच्या आणि दसऱ्याच्या अंकांत छापावा, कारण त्या मुहूर्तांवरच आपल्याकडे विसार सर्वाधिक दिले जातात.

आपला विश्वासू,
एक निवृत्त स्थापत्य अभियंता, सोलापूर